सर्वांत जास्त नफ्याची ऑर्डर नाकारणारं गणित

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीला लागूनच चिकलठाणा एमआयडीसी आहे. तिथल्या जॉबवर्क करणाऱ्या छोट्या वर्कशॉपपुढे एक प्रश्न कायम उभा असतो. ही ऑर्डर घ्यायची की नाही?

समजा, लेथवर या आठवड्यात 100 तास मोकळे आहेत आणि तीन पार्ट्या काम घेऊन आल्या आहेत. पहिलीचं काम 60 तासांचं, नफा 66,000 रुपये. दुसरीचं 50 तासांचं, नफा 50,000. तिसरीचंही 50 तासांचं, नफा 48,000. काम अर्धवट घेता येत नाही. एकूण नफा बघा किंवा तासाचा बघा, पहिलीच सरस. कुणीही तिलाच हो म्हणेल. पण मग उरलेल्या 40 तासांत दुसरं काहीच बसत नाही. तिला नकार देऊन बाकीच्या दोन घेतल्या, तर हाती 98,000 येतात!

तीन ऑर्डरींचा हिशेब तोंडी होतो. चाळीस असल्या तर हो-नाहीचे पर्याय एक लाख कोटींच्या वर जातात. गणित ते सगळे तपासत बसत नाही, याचं मला सर्वांत जास्त नवल वाटतं. आधी ते धरून चालतं की ऑर्डरीचा तुकडाही घेता येतो. मग पहिली पूर्ण आणि दुसरीचे 40 तास, म्हणजे 1,06,000. कोणताही खरा पर्याय याच्या वर जाणार नाही, हे तिथेच ठरलं. पुढे दोन फांद्या करायच्या, पहिली घेतली तर आणि नाकारली तर. अशा फांद्या फुटत जातात, आणि जिची कमाल मर्यादाच हातातल्या उत्तराहून कमी भरते ती अख्खी छाटली जाते. तिच्यातले कोट्यवधी पर्याय न बघताच बाद! एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी ही युक्ती 1960 मध्ये मांडली.

तुकड्यांचं ते गणित म्हणजे लिनिअर प्रोग्रामिंग. जॉर्ज डँट्झिग यांची 1947 ची सिम्प्लेक्स पद्धत शक्य पर्यायांच्या आकृतीच्या कडेकडेने, कोपऱ्यामागून कोपरा गाठत जाते. ग्वाल्हेरला जन्मलेल्या, मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी 1984 मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना आकृतीच्या पोटातूनच वाट काढली.

निर्णय मात्र मालकाचाच. पहिली पार्टी जुनी असेल, तिला दुखवायचं नसेल, तर गणितात तशी अट घाला. ते नातं या आठवड्यात 32,000 रुपयांना पडतंय, एवढं ते गणित सांगेल. आणि 10 तास ओव्हरटाइम मिळाला तर? पहिली आणि दुसरी मिळून बरोबर 110 तास, नफा 1,16,000. आता पहिलीला होकार! ओव्हरटाइमचा जादा खर्च 18,000 च्या आत असेल तर तो जरूर करावा.

एक्सेलमध्ये यासाठी 'सॉल्व्हर' नावाची सोय आहे. पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरी, कुणालाही शब्द देण्याआधी, एकदा त्यात मांडून बघा.