ब्रेकची धूळ आणि आपली फुप्फुसे

मनोरच्या महामार्गावर असो की बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर, गॅरेजमध्ये एक काम रोज चालते. टेम्पोचे चाक उतरते, ब्रेकचा ड्रम निघतो आणि हेल्पर कॉम्प्रेसरची हवा मारून आतली काळी धूळ उडवतो. हवा मारणारा, शेजारी बसलेला ड्रायव्हर, चहा घेऊन आलेला पोऱ्या, सगळ्यांच्याच श्वासातून ती आत जाते.

या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. हे खनिज उष्णतेला दाद देत नाही, म्हणून ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गास्केटमध्ये ते अनेक दशके वापरले गेले. त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. ते फुप्फुसाच्या तळाशी रुतून बसतात आणि शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. हळूहळू फुप्फुस घट्ट होऊन दम लागतो. यालाच अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोगही यातून होतो. एखाद्या वेळी धूळ नाकात गेली म्हणून घाबरू नये. खरा धोका वर्षानुवर्षे धूळ घेणाऱ्याला आहे. लक्षणे बहुधा वीस-तीस वर्षांनी दिसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

मुंबईत अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांची तपासणी 2005 साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला.

ऑस्ट्रेलियाने 31 डिसेंबर 2003 पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. तेथे परदेशातून हौसेने जुनी मोटार आणणाऱ्याला तिच्या ब्रेक, क्लच व गास्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नाही, याची खात्री द्यावी लागते. नाही तर गाडी बंदरातच अडते. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. अनेक कंपन्या आता अ‍ॅस्बेस्टॉसविरहित लायनर बनवतात. पण जुन्या गाडीत किंवा स्वस्तातल्या बिननावाच्या मालात काय आहे, हे पाहून ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या लायनरमध्ये ते आहे असे समजूनच काम करावे.

काय करावे?

- ड्रमला हवा मारू नये. धूळ पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.
- लायनरला कोरडा पॉलिश पेपर मारू नये. जमीन ओली करूनच झाडावी.
- तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. बारीक धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क वापरावा.
- कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलावेत. ते घरी झटकले तर धूळ बायको-मुलांच्या श्वासात जाते.
- नवे लायनर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याची खात्री करून, बिलासह घ्यावे.

दहा-पंधरा वर्षे हे काम केलेल्या व्यक्तीला चालताना दम लागत असेल किंवा कोरडा खोकला थांबत नसेल, तर डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगावे. छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी करून घ्यावी. राज्य कामगार विम्याच्या कायद्यात हा व्यवसायजन्य आजार मानला आहे. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षे जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये दिला होता. रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या पोराची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. झालेली इजा भरून येत नाही, म्हणून त्याच्या हातात हवेच्या नळीऐवजी पाण्याची बादली देणे हे मालकाचे काम आहे.