कललेल्या झाडाला कोणती दोरी?

१७ मे २०२१च्या तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडे कोसळली. मढसारख्या किनाऱ्यावर कललेले रोप सावरताना दोरी पारखूनच घ्यावी. सुतळी पावसात कुजते. स्वस्त प्लॅस्टिकची दोरी उन्हाने कडक होऊन तिचा भुगा पडतो. नायलॉन मजबूत खरा. पण ताणतो, भिजल्यावर अधिकच, मग झाड पुन्हा कलते. आम्ही म्हणू, दोन पैसे जास्त गेले तरी पॉलिएस्टरची दोरी घ्या. ती कमी ताणते, ऊनही सोसते. मात्र खोडाला ती नुसती आवळू नका. साल कापली की झाड उपाशी मरते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा मध्ये घाला, थोडी ढील ठेवा, वर्षभरात मुळे धरली की सोडा. मोठे झाड पत्र्यावर कलले असेल, तर दोरीच्या भरवशावर पोराबाळांना खाली झोपवू नका. महापालिकेच्या उद्यान खात्याला लेखी अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा.