आंतड्याच्या वेशीवरील पहारेकरी

पोटांत मुरडा होऊन आंव पडूं लागली, कीं घरांतील वडील मंडळी एरंडेलाची वाटी पुढें करीत, हें पुष्कळ वाचकांस आठवत असेल. आंव म्हणजे शरीरांत सांचलेली घाण, ती काढून टाकलीच पाहिजे, अशी त्यामागील समजूत. वस्तुतः हा बुळबुळीत श्लेष्मा निरोगी मनुष्याच्या मोठ्या आंतड्यांतहि अष्टौप्रहर तयार होत असतो, आणि त्यावांचून आंतड्याचा क्षणभर निभाव लागणार नाहीं.

मोठें आंतडें सुमारें दीड मीटर लांब असतें. त्यांत अब्जावधि जंतूंची वस्ती. आणि आंतड्याचें अस्तर पाहावें, तर तें पेशींच्या एका पदराचें! मग हे शेजारी घरांत कसे शिरत नाहींत? स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील मालिन योहान्सन, गुन्नार हान्सन व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं उंदरांवरील संशोधनानें याचा उलगडा केला. श्लेष्म्याचे थर दोन: बाहेरचा सैल, त्यांत जंतु सुखानें नांदतात, आंतला घट्ट, त्यांत त्यांना जवळजवळ मज्जावच असतो.

हा श्लेष्मा चषकाच्या आकाराच्या पेशी निर्माण करितात. त्याचें मुख्य द्रव्य एक प्रथिन असून तें पेशींत घडी घालून ठेविलेलें असतें. बाहेर पडतांच पाणी शोषून तें कित्येक पटींनीं फुगतें.

परंतु केव्हां किती सोडावयाचा, हें कोण ठरवितें? अस्तरांत असंख्य सूक्ष्म विहिरी आहेत. त्यांच्या तोंडाशीं कांहीं चषकपेशी जणूं पहाऱ्यास बसलेल्या असतात, असें गोटेनबर्गच्याच संशोधकांना उंदरांत आढळलें. तें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. आंतला थर ओलांडून जंतु जवळ आले, कीं ही पेशी त्यांचे अंश आंत घेऊन त्यांना ओळखते. लगेच तिच्यांतील कॅल्शियमचें प्रमाण वाढतें आणि ती आपला सारा सांठा ओतून टाकते. शेजारच्या पेशींनाहि इशारा पोहोंचतो व त्याहि श्लेष्मा सोडतात. जंतु मागें लोटले जातात. काम संपतांच पहारेकरीण स्वतः अस्तरांतून गळून पडते.

ही तटबंदी ढासळते कशानें? २०१६ सालींच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, मानवी आंतड्यांतील जंतु ज्यांच्या पोटीं वसविले होते, अशा उंदरांना चोथा नसलेलें अन्न दिलें. उपाशी जंतूंनीं श्लेष्माच खाण्यास आरंभ केला. थर पातळ झाला व रोगकारक जंतूंना वाट मोकळी झाली. मोठ्या आंतड्यास व्रण पडण्याच्या जुनाट विकारांतहि, रोग भडकलेला असतां, जंतु आंतल्या थरांतून आरपार जातात, असें रुग्णांच्या तपासणींत दिसलें आहे.

उंदरांवरील प्रयोग मनुष्यास जसाच्या तसा लागू पडतो, असें नव्हे. तरीहि भाकरी, पालेभाजी, सालीसकट डाळी यांचा चोथा निरुपयोगी समजून टाकूं नये, एवढें यावरून खास घेतां येईल. आणि आंव वारंवार किंवा रक्तासह पडूं लागली, तर एरंडेलाच्या बाटलीकडे न वळतां डॉक्टरांकडे जावें. ती घाण नव्हे. वेशीवरून आलेली हांक आहे.