दोर, वल्हं आणि तिथी

एकटा माणूस दोर ओढताना जेवढा जोर लावतो, तेवढाच तो सात जणांच्या सोबतीनेही लावतो का? माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने 1880च्या दशकात हे मोजलं आणि 1913मध्ये छापलं. माणसं वाढली तसा माणशी जोर घसरत गेला. आठ जणांत तो जवळपास निम्म्यावर आला. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी पडत नाही, हे एक कारण. पण 1974मध्ये अमेरिकेत एक युक्ती झाली. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला दोराच्या पुढच्या टोकाला उभं केलं, मागच्यांनी ओढण्याचं नुसतं सोंग केलं. ओढणारा तो एकटाच, तरीही मागे माणसं आहेत एवढ्या समजुतीने त्याचा हात सैल पडला!

आणि आपल्या कंपन्या ‘टीम बिल्डिंग’ म्हणून हमखास ठेवतात काय, तर रस्सीखेच.

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरून जानेवारी 2023पासून विमानं उडू लागली आणि अशा सहलींना पेडणे तालुका हाकेवर आला. त्यातलं चोपडे शापोरा नदीच्या उत्तर काठावर आहे. समोर शिवोली, पूर्वी मध्ये फेरीबोट चाले, आता पूल आहे. शेजारी आगरवाड्याची मिठागरं, नदीच्या मुखाशी मोरजीचा किनारा. इथे येऊन वातानुकूलित हॉलमध्ये स्लाइड बघत बसणं म्हणजे माझ्या मते पैशांची नासाडी.

कारण रिंगेलमानच्या कोड्याचं उत्तर या किनारपट्टीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे: रापण. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोलात सोडतात, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर. दोन्हीकडे माणसं दोराला लागतात आणि ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. एक बाजू ढिली पडली की जाळं तिरकं होतं, मासळी निसटते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. कुणाचा हात सैल आहे हे शेजाऱ्याला लगेच कळतं, आणि नुकसान सगळ्यांच्याच वाट्याचं होतं. कामचुकारपणावर याहून साधा उपाय मला तरी माहीत नाही.

वल्ह्याची गोष्ट आणखी नवलाची. 2009मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नौकापटूंना यंत्रावर वल्हवायला लावलं, कधी एकेकट्याने, कधी सहा जणांनी एका लयीत. मेहनत तेवढीच. पण एकत्र वल्हवल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त भरली. मेंदूतली एंडॉर्फिन नावाची रसायनं त्यामागे असावीत, असा संशोधकांचा अंदाज. म्हणजे लय जुळली की शरीरच बदलतं, व्याख्यान कुणी द्यावं लागत नाही.

मग चोपड्याला होड्या काढा. फक्त वेळापत्रक एचआरने ठरवू नये, चंद्राने ठरवावं. कोकणकिनारी जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. रोज ती सुमारे पाऊण तास पुढे सरकते. त्यामुळे ‘सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊलाच’ असं छापलेलं पत्रक नदी मानत नाही. द्वादशीच्या आसपास सकाळी चढत्या पाण्याबरोबर वर जा, ओहोटीबरोबर परत या. नवशिक्यांचे खांदे वाचतील. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मात्र ओढ जोरदार, तेव्हा नवशिक्यांना घेऊन मुखाकडे जाऊच नये.

राहता राहिली रात्रीची पार्टी. कंपन्यांचा सहलींचा मोसम आणि मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात तो मोसम एकच, साधारण नोव्हेंबर ते मार्च. पिल्लं वाळूतून बाहेर आली की उजेडाच्या दिशेने धावतात, समुद्रावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं म्हणून. किनाऱ्यावर दिवे लावले तर ती उलट वळतात. तेव्हा आयोजकहो, हॉलचं भाडं विचारण्याआधी पंचांग उघडा, भरतीची वेळ स्थानिक होडीवाल्याकडून पक्की करून घ्या आणि डीजेला वाळूवर पाऊल ठेवू देऊ नका.