आधी श्वास मोजा, मग औषध मागा

दिवाळी सरून पहाटेचा गारवा जाणवू लागला, की पुंडलिकनगरातल्या माझ्या दवाखान्यात बाकावर जागा उरत नाही. आईच्या कडेवर लेकरू असते, वडील चिकलठाण्याच्या पाळीवर जाण्याच्या घाईत असतात. तक्रार ठरलेली : नाक वाहते, खोकला आहे, रात्री अंग तापले. मागणीही ठरलेली. "डॉक्टर, जरा कडक औषध द्या. दोन दिवस झाले, उतार नाही. ह्यांचा खाडा होतोय."

या आईला नावे ठेवण्याचे कारण नाही. खाडा म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. पण 'कडक औषध' म्हणजे अँटिबायोटिक, आणि ते बॅक्टेरियांवर चालते. मुलांचा सर्दी-खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो. त्यांच्यावर या औषधाची मात्रा चालत नाही. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला दोन आठवडेही रेंगाळतो. आजार आपल्या मुदतीने जातो आणि श्रेय बाटलीला मिळते. पदरात पडतात ते जुलाब. शिवाय अंगातले बॅक्टेरिया त्या औषधाला सरावतात, घरातल्या भावंडांपर्यंत पोचतात. मग खरोखरच न्यूमोनिया होतो, त्या दिवशी नेमके तेच औषध हात टेकते.

गडचिरोलीचा धडा

मग साधा खोकला कोणता आणि न्यूमोनिया कोणता? याचा धडा आपल्याच राज्यात गिरवला गेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली. तिथे गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलांचे श्वास मोजायला शिकवले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी, एवढेच साधन. श्वास जलद असेल तरच को-ट्रायमॉक्साझोल द्यायचे. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी 0.8 टक्के दगावली, तुलनेच्या गावांत 13.5 टक्के.

या प्रयोगाची आठवण होते ती जीव वाचवणाऱ्या औषधासाठी. मला त्यातली दुसरी बाजूही तितकीच मोलाची वाटते. जी मोजणी गडचिरोलीत औषध द्यायला सांगत होती, तीच मोजणी आमच्या गल्लीत औषध थांबवायला सांगते.

घरच्या घरी

मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून पोटाकडे पाहा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षे 40 किंवा अधिक श्वास असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जलद श्वास म्हणजे दर वेळी न्यूमोनियाच असे नाही. छातीत शिटीसारखा आवाज असेल तर तो दमाही असू शकतो. ते तपासूनच ठरते.

आपल्या आज्या 'डब्बा झालाय, पोट उडतंय' म्हणतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, सगळे ओकून टाकत असेल, झटके आले, ओठ निळसर पडले किंवा मूल मलूल झाले, तर वाट न पाहता घाटीसारखे मोठे रुग्णालय गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला नुसता ताप आला, तरी हाच नियम.

बाकी वेळी नाक मोकळे ठेवा, थोडेथोडे पण वारंवार पाजा. एक वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध चालतो, त्याआधी मुळीच नाही. दुकानातले खोकल्याचे औषध आपल्या मनाने देऊ नका. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलेच, तर सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा. उरलेली अर्धी बाटली शेजारच्या बाळासाठी ठेवू नका. 2014 पासून काही अँटिबायोटिकांची विक्री औषध दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंदवावी लागते. कायद्यालाही या औषधांची काळजी वाटते ती उगीच नाही.

"नुसत्या सल्ल्याचे पैसे?" असे मला अधूनमधून ऐकावे लागते. माझे उत्तर एकच : आज न दिलेले औषध, गरज पडेल त्या दिवशी तुमच्या लेकराच्या कामी यावे, म्हणून मी ते राखून ठेवतो आहे.