बारा विजेते, मग सातच: इंग्लिश फुटबॉलच्या शिडीचं काय झालं?

१८८८ साली इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात १२ क्लब होते. सहा लँकेशायरचे, सहा मिडलंड्सचे. लंडनचा एकही नाही! २०२४-२५ च्या प्रीमियर लीगमधले २० पैकी ७ क्लब मात्र एकट्या लंडनचे होते. हे एका रात्रीत घडलं नाही आणि कुणी ठरवूनही केलं नाही. मग असा बदल मोजायचा कसा?

पद्धत तशी साधी आहे. इंग्लंडच्या वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब असतात, १९५० पासून हा आकडा जवळजवळ तोच आहे. दर हंगामाच्या शेवटी प्रत्येक क्लबला १ ते ९२ असा क्रमांक द्यायचा. मग बघायचं, आजचा क्रमांक माहीत असेल तर पुढच्या वर्षीचा किती सांगता येतो? दहा वर्षांनंतरचा? पन्नास वर्षांनंतरचा? उत्पन्नाचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ गरीब घरातलं मूल मोठेपणी कुठे पोहोचतं हे असंच तपासतात. आपण फक्त घरांच्या जागी क्लब ठेवलेत.

एका वर्षाच्या बदलात नशिबाचा वाटा मोठा असतो. मँचेस्टर सिटी १९३७ ला विजेते होते आणि १९३८ ला थेट खालच्या विभागात गेले. गंमत म्हणजे त्या हंगामात विभागात सर्वांत जास्त गोल त्यांनीच केले होते. असा क्लब ‘संपला’ असं कुणी म्हणू नये. ही लाट आहे, ओहोटी नव्हे.

ओहोटी बघायची तर हडर्सफील्ड बघा. १९२४, १९२५, १९२६ असं सलग तीनदा लीग जिंकणारा हा क्लब १९७५ मध्ये चौथ्या विभागात पोहोचला होता. किंवा प्रेस्टन. पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता विजेता, आणि १९६१ नंतर आजवर पहिल्या विभागात परतलेला नाही. दोन्ही कापडधंद्याची गावं. गिरण्यांचा पैसा आणि गिरणीतला प्रेक्षक, दोन्ही हळूहळू आटले. पण फक्त गिरण्यांना दोष देऊन भागत नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, शेवटी ती आठवड्याला २० पौंड होती. टॉम फिनीसारखा खेळाडू सगळी कारकीर्द प्रेस्टनमध्ये काढू शकला, कारण दुसरा इंग्लिश क्लब त्याला उघडपणे जास्त पगार देऊच शकत नव्हता. मर्यादा उठली आणि मोठ्या शहराच्या मोठ्या गल्ल्याला पहिल्यांदाच पूर्ण किंमत आली.

१९८३ मध्ये आणखी एक नियम बदलला, ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तोवर लीग सामन्यांच्या तिकिटांच्या उत्पन्नातला काही वाटा पाहुण्या संघाला मिळायचा. आता सगळा यजमानाचा. म्हणजे ज्याचं मैदान मोठं, त्याचं खातं मोठं. मग १९९२ ला प्रीमियर लीग आली.

आता आकडे बघा. १९९२-९३ ते २०२४-२५ या ३३ हंगामांत लीग जिंकणारे क्लब किती? ७. त्याच्या आधीच्या ३३ हंगामांत? १२. त्यात इप्सविच होतं, डर्बी होतं. इप्सविच तर १९६१ ला वर आलं आणि १९६२ ला विजेतं झालं. नॉटिंगहॅम फॉरेस्टनेही १९७७-७८ मध्ये तेच केलं आणि वर दोन युरोपियन कप जिंकले.

सगळा दोष टीव्हीच्या पैशावर टाकायची सवय आहे, ती मला पटत नाही. देशांतर्गत टीव्हीच्या पैशाचा निम्मा भाग प्रीमियर लीग तिच्या क्लबांमध्ये समान वाटते. खरा कडा आहे तो पहिल्या आणि दुसऱ्या विभागाच्या मध्ये. शिवाय चॅम्पियन्स लीगचे पैसे मिळतात फक्त वरच्या मोजक्यांना. आणि पैसा कामाला येतो तो पगारातून. अनेक वर्षांची सरासरी काढली तर पगाराचा क्रम आणि लीगमधला क्रम जवळपास जुळतात. एका हंगामात जुळतीलच असं नाही, म्हणून २०१६ चं लेस्टर शक्य होतं. पण लेस्टर २०२३ मध्ये खाली गेलं हेही लक्षात ठेवा.

मग शिडी बंद झाली का? वरच्या दोन-चार पायऱ्यांवर बरीचशी, हो. मध्ये आणि खाली अजिबात नाही. ल्यूटन टाऊन १९९२ ला पहिल्या विभागातून गेलं, २००९ ला चार विभागांच्याही बाहेर फेकलं गेलं, २०२३ ला प्रीमियर लीगमध्ये होतं आणि २०२५ ला पुन्हा तिसऱ्या विभागात. एवढं पडूनही क्लब राहिला, कारण खाली उभं राहायला पायरी होती.

हे आपल्याकडे आणून बघितलं की पोटात गोळा येतो. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत भारताचं राष्ट्रीय लीग विजेतेपद आठ वेळा गोव्यात गेलं (डेंपो पाचदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा) आणि एकदा मुंबईत, महिंद्रा युनायटेडकडे. महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला, विजेतेपदानंतर चारच वर्षांनी. डेंपो आणि साळगावकर २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. यांतला कुणीही मैदानात हरत हरत एवढा खाली गेला नव्हता. २०१४ ला सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये सुरुवातीला ना वर येण्याची वाट होती, ना खाली जाण्याची.

म्हणून भारताची सारणी करताना १ ते ९२ सारखे क्रमांक पुरत नाहीत. मी तिथे आणखी एक रकाना ठेवला आहे, ‘लीग सोडली’. काही माजी विजेते कुठे सापडतात हे बघायचं, तर त्या रकान्यावर बोट ठेवावं लागतं.