निदानातील हरवलेले महिने

कोलकात्याच्या हाजरा भागातील चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये मादाम क्यूरींच्या नोबेल पारितोषिकविजेत्या कन्या आयरीन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी ब्रिटन व अमेरिकेतील संशोधकांनी धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीनिशी सिद्ध केला. त्या संशोधकांपैकी एक होते अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहॅम. त्यांनी १९३३ साली कर्करोगग्रस्त संपूर्ण फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले आणि तो रुग्ण, जो स्वतः डॉक्टर होता, पुढे सुमारे तीस वर्षे जगला. वर्षानुवर्षे सिगारेट ओढणारे ग्रॅहॅम मात्र १९५७ मध्ये याच रोगाने गेले. त्यांचा रोग लक्षात आला तेव्हा तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे पोहोचला होता.

आपल्या देशात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण आजही तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत तज्ज्ञांपर्यंत पोहोचतात. फुफ्फुसाच्या आतील भागात वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे गाठ दीर्घकाळ निमूटपणे वाढते. परंतु उशिराचे सारे खापर निसर्गावर फोडता येणार नाही. दीर्घकाळचा खोकला, थुंकीतून रक्त, बारीक ताप, घटणारे वजन ही लक्षणे क्षयरोगाचीही आहेत आणि क्षयरोग आपल्याकडे घरोघरी परिचयाचा. छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग दिसला की क्षय गृहीत धरला जातो, सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. सुरुवातीला थोडे बरे वाटल्याचा भास होतो, घरची मंडळी निर्धास्त होतात आणि तेवढ्या अवधीत गाठ लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचते.

यावर उपाय साधा आहे. क्षयाचे औषध थुंकीच्या तपासणीचा आधार घेऊन सुरू व्हावे. थुंकीची जनुकीय चाचणी आता शासकीय केंद्रांतूनही होते. थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि औषधे घेऊनही महिना-दीड महिन्यात डाग कमी झाला नाही, तर सीटी स्कॅन व ब्रॉन्कोस्कोपीविषयी आपणच डॉक्टरांना विचारावे; त्यात संकोच कसला? दोन्ही रोग एकाच छातीत नांदू शकतात, हेही विसरू नये. आवाज अकारण घोगरा होणे, खांदा सतत दुखणे, चेहऱ्यावर सूज येणे या खुणांचीही वेळीच दखल घ्यावी.

‘आमच्या घरी कोणी विडीला शिवत नाही’ हा दिलासा पुरेसा नाही. आपल्याकडे या रोगाच्या रुग्णांत धूम्रपान न करणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण लक्षणीय आहे. चुलीचा धूर आणि महानगरांची दूषित हवा यांकडे बोट दाखवले जाते. हिवाळ्यातील कोलकात्याची हवा तर कुप्रसिद्धच आहे. दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांनी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अमेरिकेत अशा सुमारे ५३ हजार व्यक्तींवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत या रोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. मात्र जुन्या क्षयाचे व्रण असलेल्या छातीत ही तपासणी फसवी ठरू शकते, म्हणून ती सरसकट सर्वांसाठी नाही.

निदान लवकर झाल्यास शस्त्रक्रियेने रोग समूळ निघण्याची आशा असते. पुढच्या अवस्थेतही आता हातपाय गाळण्याचे कारण नाही. गाठीच्या तुकड्यातील जनुकीय बदल तपासून काही रुग्णांना केवळ गोळ्यांवर दीर्घकाळ ठेवता येते. त्यातील ओसिमर्टिनिब या गोळीवरील सीमाशुल्क केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ केले. तरीही अशा उपचारांचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जातोच. आरोग्य विम्याच्या अटी आजारपणापूर्वीच वाचलेल्या बऱ्या.

पूर्व भारतातील रुग्णांना एके काळी मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागे. तो प्रवास वाचावा म्हणून कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये २०११ साली टाटा मेडिकल सेंटर उभे राहिले. चित्तरंजन संस्थेचेही दुसरे संकुल तेथेच जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. हाजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवास ही वास्तू तर तेथील मराठी मंडळींच्या परिचयाचीच आहे. कर्करोगग्रस्तांना उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वे भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

जाताना नुसते अहवाल नेऊ नयेत. जुनी क्ष-किरण चित्रे, सीटी स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक व स्लाइड्स सोबत असाव्यात. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तोच डाग तेवढाच दिसला तर डॉक्टरांचा निष्कर्ष बदलू शकतो. आणि ब्लॉक हाती असल्यास पुन्हा सुई टोचून तुकडा काढण्याचा त्रास व पुढचे दोन आठवडे बहुधा वाचतात.